पाठ मोकळी करतेय

प्रिय समीक्षा,

तुझ्या शेळ्यांचे फोटो मिळाले. करडं छान आहेत. मला आता बसवर पाठवत नाहीत, डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलंय. बारा वर्षं कंडक्टर म्हणून खड्ड्यांतून उभ्यानं फिरले. मणक्यातली गादी सरकली ती काही जागेवर यायला तयार नाही.

इस्लामपूरच्या त्या दवाखान्यात आपले पलंग शेजारी होते, त्याला तीन वर्षं झाली. कमरेला पट्टा, पायाशी वजनं, आणि बोलायला वेळच वेळ. तू आटपाडीहून येऊन पंधरा दिवस राहिलीस. भिंतीकडे बघत म्हणायचीस, "मला न्हाई वाटत बरं हुईल." मी म्हणायचे, "अगं, दिवाळीला फुगडी घालशील!" वजनं काढली की नर्स मला दुसऱ्या पेशंटकडे न्यायच्या, जरा धीर द्या म्हणून. मला ते आवडायचं.

एकदा व्यायाम शिकवणाऱ्या सोनिया मॅडमनी आपल्याला कागद दिले. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असले प्रश्न होते. काही त्रास नाही अशा खुणा करून मी अर्ध्या मिनिटात मोकळी झाले. तू मात्र पेन धरून बसलीस. मी म्हणाले, "असलं काय लिहू नगं, येडी ठरवतील." तू ऐकलं नाहीस. तुला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा मला तुझी कीव आली होती, हे आज सांगते.

पाठ तुझी अजून दुखते, तरी तू रानात जातेस. माझीही दुखते, पण मी ते कुणाला सांगत नाही, नवऱ्यालासुद्धा. जयराज पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "आमची क्रांती लय हिमतीची." डेपोच्या कार्यक्रमात त्यासाठी मला शालसुद्धा दिली. घरी येऊन तीच पांघरून पडले. लेकीला म्हणाले, थंडी वाजतेय. मे महिना होता.

गेल्या मंगळवारी भर दुपारी बहेच्या पुलावर माझी स्कूटर थांबवली आणि खाली पाणी बघत उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. एका बाईनं मागून विचारलं, "काय झालं ओ ताई?" मी हसून म्हणाले, "काय न्हाई, पाठ मोकळी करतेय." तिला पटलं. सगळ्यांनाच पटतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

फोनवर मी पुन्हा हसलेच असते, म्हणून हे लिहिलं. तुझ्याच त्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या नाही, पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. पत्र पेटीत टाकून आले की जयराजनाही सांगणार आहे. तू येशील? एकटी गेले तर तिथंही सगळं छान आहे म्हणून परत येईन. मला धीर देऊ नकोस. नुसती शेजारी बस, आणि मी हसायला लागले की माझा हात घट्ट दाब.

तुझीच,
क्रांती