उतारावरचा आवाज

प्रिय ठकू,

तुझं पत्र काल मिळालं. इंधन बचतीचं पहिलं बक्षीस तुला मिळणार म्हटल्यावर तुझी आई घरभर मिरवली, बापाची लेक शोभतेस म्हणाली. मीही हसलो. मग लिटरला साडेपाच किलोमीटर हा आकडा वाचला आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

बाईसाहेब, अॅक्सिलरेटरवर पाय हलका ठेवणं, सिग्नल लांबूनच हेरून वेग कमी करणं, टायरमधली हवा रोज बघणं, स्टँडवर इंजिन बंद करणं, हे सगळं मीच तुझ्या डोक्यात भरलं. त्यातलं एकही सोडू नकोस. पण एवढं करूनही त्या घाटरस्त्यावर साडेचारच्या वर कोणी गेलेलं नाही. एक मी गेलो होतो. कसा, ते तुला ठाऊक आहे.

सात वर्षांची होतीस, माझ्या मागच्या सीटवर बसायचीस. वरचा थांबा सुटला की मी बस न्यूट्रलला टाकायचो, चावी फिरवायचो आणि इंजिन बंद. नुसता वारा. तू त्याला ‘गप्प-गप्प’ म्हणायचीस, टाळ्या पिटायचीस. केवढा तोरा चढायचा मला! इंजिन बंद असलं की ब्रेकची हवा भरत नाही, वळणावळणाला थोडी थोडी संपत जाते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण आपल्याला काय होतंय, हा माज.

मिशीवाले काका आठवतात ना, तुला खांद्यावर घेऊन डेपोभर फिरवायचे? ते घाटात बसच्या अपघातात गेले त्या दिवशी मी खालच्या थांब्यावर त्यांची वाट बघत होतो. तिथून उतारावरची बस दिसत नाही, पण इंजिन ऐकू येतं. त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, शिकलास की! बस रिकामी होती, एवढंच नशीब. चौकशीत मी ब्रेक निकामी झाले इतकंच सांगितलं. ही युक्ती त्यांना मी शिकवली, हे तुझ्या आईलाही माहीत नाही. पंधरा वर्षं इंधन बचतीसाठी मिळालेल्या भिंतीवरच्या त्या ढालीखाली बसून जेवतोय. मला माझीच लाज वाटते. आज सकाळी ती उतरवून ठेवली.

तुझ्या बसमध्ये माणसं असतात, ठकू. आणि तुझा फोन लागत नाही. ड्यूटीवर फोन बंद ठेवायची सवयही माझीच. म्हणून हे पत्र सकाळच्या बसच्या कंडक्टरबरोबर वर पाठवतोय. तीन वाजता तू चहाला थांबशील, तेव्हा चहावाला ते तुझ्या हातात देईल. तो विसराळू आहे, म्हणून पाकिटावर ‘निघण्याआधी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचलंस की दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश खाली ये. बक्षीस गेलं खड्ड्यात. मी अडीचपासून खालच्या थांब्यावर उभा असेन. तुझ्या इंजिनाचा आवाज येऊ दे, पोरी.

तुझाच,
बाबा