कानावरच्या गाद्या

३ एप्रिल २००६, यवतमाळ

पुन्हा काळे पोपडे! कानावर, गालावर, केसांत. हेडफोनच्या गाद्या दोन महिन्यांत सोलून निघाल्या. शेजारच्या टेबलावरची जया म्हणाली, "काजळ कानाले लावून राह्यली का व?" हसले, पण डोकं तडकलं होतं. संस्थेने असला भिकार माल घेतलाच कशाला?

तांड्यातल्या बायका कापसाच्या या वाईट वर्षांबद्दल आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, मी टेप ऐकून मराठीत उतरवते. शब्द हुकला की बाईचं म्हणणंच हुकतं. आज कितीतरी हुकले. डावी बाजू नुसती खरखरते.

५ एप्रिल

दुकानदार म्हणतो, "गाद्या सुट्या नाही येत म्याडम, नवाच घ्या." वायर पिळून पाहिली, फुंकर मारली. डावी बाजू मेलेलीच.

७ एप्रिल

सलील सरांनी पानं परत केली. जिथे तिथे मी 'अस्पष्ट' लिहिलेलं. "वर्षा, असं नाही चालणार. उरलेल्या टेपा दुसऱ्या कुणाला द्याव्या लागतील."

हेडफोन पुढे केला – "बघा ना सर, हा माल!" म्हणाले, नवीन मागवतो, पण यायला वेळ लागेल. तोवर काय करू? हे काम गेलं की मी परत तांड्यावर, आणि लगेच लग्नाची बोलणी. मला हे काम हवंय. ऐकायचं आणि लिहायचं – एवढंच मला नीट जमतं.

९ एप्रिल, फुलसावंगी

घरी आले. याडीने – आईने – जुन्या घागऱ्याचं कापड कापलं, घरात उरलेला कापूस पिंजून भरला, वर टाके घातले. "याले भाव नाही, तुह्या कानाले तरी कामी येऊ दे," म्हणाली. आतून हाका मारत होती म्हणे, मी 'ओ' दिली नाही. डोक्यात टेपाच होत्या! गाद्या मऊ झाल्यात. फार बरं वाटलं.

१० एप्रिल, यवतमाळ

डावीकडे अजून पुटपुटच. कापूस जास्त झाला असेल. थोडा काढला. अजून थोडा काढला.

११ एप्रिल

नाहीच.

१२ एप्रिल

नव्या कापडाखाली डाव्या-उजव्याच्या खुणा झाकल्या गेल्यात. आज घाईत उलटा घातला. एरवी डावीकडे असणारी वायर उजव्या खांद्यावर आली तेव्हा कळलं. म्हणजे चांगली बाजू डाव्या कानावर.

तरी डावीकडेच पुटपुट.

फिरवला. पुन्हा फिरवला. हेडफोनला काही झालेलं नाही.