मधल्या घराची दोन दारं

२ फेब्रुवारी १९५७

शिंगाडे सोलत बसायचो आम्ही तिघी शेजारणी. मी माझ्या मागच्या अंगणात, गोदाबाई डावीकडच्या दाराच्या उंबऱ्यावर, खैरून उजवीकडच्या. टोपली मध्ये. बोटं काळीकुट्ट. तीसेक वर्षं झाली असतील. विशेष काही घडलं नव्हतं त्या दुपारी. खैरूनने विचारलं होतं, "ये चौखट किसकी हुई, तुम्हारी कि मेरी?" गोदाबाई मान वर न करता म्हणाली, "जो बसन त्याची."

आज हे आठवलं, कारण माझा वसंत आलाय नागपूरहून. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, घराला गिऱ्हाईक आहे. लाकडाचा ठेकेदार, बैहरच्या जंगलात कामं घेतो. त्याची अट एकच. मागच्या अंगणातली दोन्ही दारं आधी विटांनी बुजवून हवीत. त्याच्या घरातून शेजारच्या बायांची ये-जा नको.

मी उठून पोहे केले.

४ फेब्रु.

व. म्हणतो, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, तू इकडे मध्य प्रदेशात. आता हे परराज्य आहे, आई. ओळीतली दोन मराठी घरं नोव्हेंबरात राज्यं बदलल्यापासून रिकामी झाली. इथे कोण आहे आपलं?

कोण आहे! सात घरांची ओळ. पहिल्यात मेरी नर्स, शेवटच्यात फाळणीनंतर आलेलं सिंधी कुटुंब, मधलं चौथं माझं. घरं समोरून सात, मागून एक. प्रत्येक अंगणाच्या भिंतीत दार, म्हणून पहिल्या घरातून सातव्यापर्यंत रस्त्यावर पाऊल न ठेवता जाता येतं. विस्तव, विरजण, रडतं मूल, सगळं तिथून. माझी दारं बुजली की ओळ मधोमध तुटली.

खैरूनला सांगितलं. ती हसली आधी. "हमारी मुर्गियों को भी अब नागपुर का परमिट लगेगा?" मग आत सुनेकडे बघितलं. तिची सून पोटुशी आहे. वेळ आली की मेरीला पहिल्या घरातून आणायचं, ते याच दारांनी.

७ फेब्रु.

रात्रभर माझी स्वतःची पहिली फेरी डोळ्यांपुढे. नवी सून आली की दुसऱ्या दिवशी तिला मागच्या दारांनी सातही अंगणं फिरवायची, ही या ओळीची रीत. मला गोदाबाईच्या सासूने फिरवलं. मी कॉन्व्हेंटमधून आलेली, पायात मोजे! प्रत्येक दारावर टकटक करून थांबत होते. म्हातारी वैतागली, "उघडंच हाय वो, कोणाले विचारून राह्यली?"

जुन्या सासवा खैरूनच्या अंगणातून आणलं की सुनेला पुन्हा आंघोळ घालत. हेही खरंच. पण फिरवत. एकीलाही चुकवलं नाही.

१० फेब्रु.

व.ने मिस्त्री आणला. उजवीकडून, खैरूनच्या दारापासून सुरुवात. संध्याकाळी गुडघ्याइतकी भिंत. ओल्या चुन्याचा वास घरभर.

मी अडवलं नाही. पोटचा पोर आहे, परक्या माणसाला शब्द देऊन बसलाय, त्याची मान खाली जाईल. असं मनाला सांगत स्वयंपाकघरात राहिले. भिंतीपलीकडून खैरूनने हाकही मारली नाही. रोज मारते.

गोदाबाई येऊन उभी राहिली. तिच्या धाकट्याचं लग्न झालं काल कटंगीला, सून आज घरी आली. म्हणाली, "उद्या सुनेले फिरवाचं हाय, बाई." एवढंच. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

११ फेब्रु.

हात सोलवटलेत, पण लिहिणारच.

सकाळी नऊच्या सुमारास गोदाबाई सुनेला घेऊन डाव्या दारातून आत आली. मुलगी सोळा-सतराची, हिरवा चुडा, नाव देवकी. मिस्त्री उजवीकडे विटा लावतोय, भिंत आता मांडीपर्यंत. व. म्हणाला, "मावशी, समोरून न्या ना. रस्ता आहे की."

गोदाबाई: "रस्त्यानं वरात जाते, वसंता. सून आंगणातून जाते."

"पण कशाला हे सगळं?"

ती सुनेकडे वळली. सुनेलाच सांगितलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने. "आयक. हात भाजला, पोट दुखलं, नाही तं माह्या पोरानं हात उचलला, तं हे सातही आंगण तुहे. कोणतंही दार. रस्त्यावर नको धावू."

इतक्या वर्षांत कोणी हे उघड बोललं नव्हतं. माहीत सगळ्यांना होतं. मलाही. एका रात्री मी खैरूनकडे... ते जाऊ दे. हे गेले आता. नंतर फार मायेने वागले.

मी मिस्त्रीला म्हटलं, बाजूला हो बाबा. तो म्हणाला, "हम तो हुकुम के आदमी हैं, बाई." म्हटलं, हा हुकूमच आहे. आणि वरची वीट ओढली. चुना ओला होता, निघाली. दुसरी. पलीकडून खैरूनचे हात आले. मी काढत होते, ती घेत होती. देवकीने पदर खोचला आणि तीही लागली. गोदाबाई ओरडते आहे, "अवं, हाताची हळद तं जाऊ दे!"

"आई, मी शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. घर मी दिलेलं नाही." घर यांनी माझ्या नावावर घेतलं होतं. मला आज पहिल्यांदा ते आठवावं लागलं.

उंबरा मोकळा झाला. देवकी गेली पलीकडे. खैरूनने तिच्या तोंडात गूळ घातला आणि मला म्हणाली, "कल आवाज़ नहीं दी मैंने. गुस्सा थी." म्हटलं, कळलं होतं.

व. न जेवता गेला. डबा भरून ठेवला होता, तसाच.

१६ फेब्रु.

व. उद्या येतोय, ठेकेदाराला घेऊन. निरोप आला. सही घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणे. बघू. मीही सही केल्याशिवाय त्याला जाऊ देणार नाही, पण माझ्या कागदावर. वकिलांना उद्या सकाळी बोलावलंय. त्यांना सांगायचं ते इथे लिहून ठेवते, ऐन वेळी व.चा चेहरा बघून विरघळायला नको.

पुढच्या खोल्या, ओसरी, यांचं टेबल आणि घड्याळ: वसंतला. विकायचं तर विकावं.

मागचं अंगण, या दारापासून त्या दारापर्यंत, पेरूच्या झाडासकट: देवकी आणि खैरूनची सून, दोघींना मिळून. वाटणी करायची नाही. हे माझ्या हयातीतच द्यायचं.

शिवणाची पेटी मेरीला.

काढलेल्या विटा मिस्त्रीला. त्या वसंतच्या पैशाच्या आहेत, तरी.

वसंतच्या मुलाची बायको कधी या गावी आली, तर पातळं आणि मोत्यांची नथ तिला. पण आधी तिला मागच्या दारांनी सातही अंगणं फिरवून आणावं. नथ मग द्यावी.