भिजलेला दोर आणि दोन पायऱ्या

मी, खाली सही करणार धोंडीराम रावजी काशीद, वय वर्षे अडुसष्ट, मूळचा वैरागचा, हल्ली राहणार मंगळवार पेठ, सोलापूर, धंदा घरजागेची दलाली, गुडघ्यांनी अधू पण अकलेने शाबूत असताना, कोणाच्याही, म्हणजे पत्नी बजाबाईच्याही, दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे:

कलम १. राहते घर बजाबाईचे, तिच्या माघारी मुलगा सिद्धनाथ याचे. सिद्धनाथने दलालीत पडू नये. गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच तो छत कुठे गळते ते सांगून टाकतो.

कलम २. या शहरातली निम्मी घरे माझ्या हातून विकली गेली. साखर पेठेतले भुताचे घर तर मी दोनदा विकले. पहिल्यांदा भुताबद्दल अवाक्षर न काढता, दुसऱ्यांदा ते राखणीला आहे असे सांगून. त्याचे मला काही वाटत नाही. वाटते ते पुढच्या कलमाचे.

कलम ३. माझा पन्नास हाती अंबाडीचा दोर, हाताहातावर गाठ मारलेला, सगळ्या पेठांत नावाजलेला. सन १९१६ च्या आषाढात शेजारी शरणप्पा हत्तुरे याची जागा मी त्याच दोराने मोजून दिली आणि पलीकडे उरलेली स्वतः घेतली. दोर पावसात चिंब झाला होता, वाळवायचा मी आळस केला. पुढे दोन वर्षे आम्ही दोघे रोज संध्याकाळी माझ्या पायऱ्यांवर बसून पान खात असू. मग त्याने कुंपण घालायला जागा पुन्हा मोजली आणि म्हणाला, "धोंडीराम, जागा कमी भरती की." मी दहा माणसांत म्हणालो, "माजा दोर खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतंय." त्यावर सोळा वर्षे अबोला.

गेल्या श्रावणात छत गळून दोर भिजला. सहज ओटा मोजला तर अर्धा हात वाढलेला. ओटे वाढत नसतात. भिजून दोर आखडला होता. शरणप्पा खरा होता. हे सांगायला त्याच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य मला तीन महिने झाले नाही, म्हणून कायद्याचा आधार घेतो.

कलम ४. हद्दीलगतची दीड हात जागा शरणप्पाची, ती त्याला परत द्यावी, दोरही द्यावा. त्या जागेवर माझ्या दोन दगडी पायऱ्या आहेत. त्याने त्या पाडल्यास बजाबाईने मागच्या दाराने ये-जा करावी व मला शिव्या द्याव्यात.

कलम ५. माझ्याकडून उन्हाळ्यात जागा घेतलेल्यांनी निर्धास्त असावे. पावसाळ्यात घेतलेल्यांना हे मृत्युपत्र दाखवू नये.

कलम ६. शरणप्पाने साक्षीला यावे म्हणून बोलावणे धाडले आहे. न आला तरी जागा त्याचीच. पण त्याला खोटा ठरवूनच मी गेलो, असे होईल, आणि ते मला सोसवणार नाही.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहिले. मुक्काम सोलापूर, तारीख ११ नोव्हेंबर १९३४.

सही: धोंडीराम रावजी काशीद

साक्षीदार पहिला: धुळा बिरा करे, निशाणी डावा अंगठा. मोजणीच्या दिवशी दोराचे दुसरे टोक याने धरले होते.

साक्षीदार दुसरा: शरणप्पा मलकप्पा हत्तुरे, सही दस्तुरखुद्द. समक्ष येऊन वाचले. जागा दीड नव्हे, पावणेदोन हात आहे. पायऱ्या पाडू नयेत. उद्या संध्याकाळपासून बसायला येतो, धोंडीरामाने मरायची घाई करू नये.