मी रिजेक्ट केलेला खेळ

अब्बा,

आज गुरुवार, ३० ऑक्टोबर. इकडच्या कंपन्यांची सुट्टी अजूनही गुरुवारीच असते, आमच्याही. सकाळी नळाला पाणी आलं ते भरून घेतलं. बायको मुलीला घेऊन जुन्नरला माहेरी गेलीय, म्हणून चहा-पाव खाल्ला आणि गाडी काढून चाकणजवळच्या निघोज्याला गेलो. तिथे कंपनीतले माझे दोन मित्र भाड्याच्या खोलीत राहतात. जेवण तिथेच झालं. दुपारभर तिघं कंप्युटरवर खेळलो आणि अंधार पडायच्या आत दापोडीला परत आलो. दिवसभरात एवढंच झालं. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. तरी घरात आल्यापासून मला माझी लाज वाटतेय, आणि ती कुणाला सांगावी ते सुचत नाही. घरी आपण आपली दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी, आणि तुम्हीही गॅरेजात मराठी पेपर मोठ्याने वाचायचात. म्हणून मराठीतच लिहितो.

खेळ कसला ते आधी सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कंप्युटर आलेला नव्हता. पडद्यावर नकाशा येतो. जुन्या काळातलं एखादं साल धरायचं, त्या सालातलं एखादं राज्य घ्यायचं आणि चालवायचं. सारा गोळा करायचा, फौज पोसायची, शेजाऱ्याशी तह करायचा, मुलांची लग्नं लावून सोयरीक जोडायची. असे खेळ दोन तऱ्हेचे असतात. एकात लढाई ठरलेली, बाजू ठरलेल्या, कोण जिंकलं ते शेवटी दिसतं आणि खेळ संपतो. दुसऱ्याला शेवटच नसतो. जगातलं कुठलंही राज्य घ्या, चार गावांची जहागीर घ्या, पाहिजे तितके दिवस चालवा. जिंकलास असं कुणी सांगत नाही, हरलास असंही नाही.

आम्ही तिघं आधी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचो. त्याचा कंटाळा आला तेव्हा नवीन काय घ्यायचं ते मी ठरवावं असं ठरलं. एक मित्र लातूरकडचा, पेंट शॉपला आहे. दुसरा कोकणातला, डिस्पॅचला. मी क्वालिटीला. गाड्यांच्या सीटखालचे लोखंडी भाग लाइनवरून माझ्या टेबलावर येतात. मी हिरवा टॅग लावला की माल पुढे जातो, लाल लावला की रिजेक्ट, बाजूच्या पिंजऱ्यात. माझ्या लाल टॅगवर आजवर कुणी वाद घातलेला नाही. कोकणातला म्हणतो, ‘ह्याने लाल लावला म्हणजे देवाने लावला.’ तेव्हा खेळ निवडायचं काम माझ्याकडे येणं साहजिक होतं.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. कॅन्टीनमध्ये मी त्यांना दोन खेळ मोबाइलवर दाखवले. एक आपल्या दख्खनेतल्या लढायांचा, दोन बाजूंचा. दुसरा शेवट नसलेला. कोकणातल्याने पहिल्यावरच बोट ठेवलं. ‘हा घे रे. दोन पार्ट्या, हाणामारी, विषय संपला. त्या दुसऱ्यात काय सातबारा सांभाळत बसायचं?’

लातूरवाला भाकरी मोडता मोडता म्हणाला, ‘चालतंय की. आपण दोघं मावळे. भाईला दिल्ली देऊन टाकू, घरचंच मैदान हाय त्याचं.’

दोघं हसले. मीही हसलो. खरं तर त्यांच्या आधी हसलो. त्यात विखार नव्हता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो. माझ्या मुलीला डेंग्यू झाला तेव्हा हाच लातूरवाला रक्ताच्या पिशवीसाठी वायसीएम हॉस्पिटलच्या दारात रात्र काढून बसला होता. पण हसता हसता मला पुढचे सगळे गुरुवार दिसले. प्रत्येक गुरुवारी मी दिल्ली. प्रत्येक गुरुवारी मी चाल करून यायचं, त्यांनी मला पळवायचं, आणि मीच सगळ्यांच्या आधी हसायचं. मी म्हणालो, ‘नाही राव, तो आपल्या लॅपटॉपवर चालणार नाही. मी बघितलं. मशीन तापतं, मधेच बंद पडतं.’

तो चालत होता, अब्बा. आदल्या रविवारी मी तो घरी लावून पाहिला होता. पंखासुद्धा मोठ्याने फिरला नव्हता. चांगल्या मालाला मी लाल टॅग लावला. लातूरवाला लगेच म्हणाला, ‘मग विषयच न्हाई. भाई म्हणतोय म्हणजे ते भंगार. दुसरं घे.’ एवढ्या लवकर मानलं त्याने. निदान दोन शब्द वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

आज जाताना मोशीच्या पुढे एका सोसायटीच्या फाटकाशी पोरांचा दिवाळीचा किल्ला अजून तसाच होता. हळीव पिवळे पडलेले, चित्रं कलंडलेली. गाडी थांबवली नाही, पण पुढे सगळा रस्ता आपली दापोडीची गल्लीच डोळ्यासमोर होती. मी पाचवीत असेन. आपल्या गॅरेजच्या भिंतीला लागून गल्लीतली पोरं किल्ला करतायत, आणि माती भिजवायला पाणी तुमच्या टायर बुडवायच्या टपातलं. भाऊबिजेला लढाई व्हायची. तुम्ही जुन्या बेअरिंगमधले छर्रे काढून द्यायचात, ते लांबून घरंगळत सोडायचे आणि मावळे पाडायचे. मावळ्यांकडे सगळीच पोरं. मग कुणीतरी ओरडायचं, ‘खानाकडून कोण?’ त्या वर्षी ओरडून झाल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी चप्पल बघत उभा राहिलो.

तुम्ही मोपेडचं इंजिन तसंच उघडं टाकून आलात. हात काळे, कपाळावर काळं. मांडी घालून बसलात आणि म्हणालात, ‘हटा, हटा. खान मी. एवढी दाढी ह्या पोराला कुठून आणणार?’ गल्ली हसली. मग तुम्ही काय खेळलात! एकही छर्रा नेमका लागला नाही. एक तर नाल्यात गेला. शेवटी ‘मेलो, मेलो, माझी बोटं!’ करत तुम्ही मागे पडलात तेव्हा समोरच्या काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढे दर दिवाळीला पोरं तुम्हालाच बोलवायला यायची. मला परत कुणी विचारलं नाही. मी बिनघोर मावळ्यांकडे.

त्या पहिल्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. तुम्ही मुद्दाम का हरता, म्हणून रडलो. तुम्ही रागावलात. ‘मुंडी वर कर,’ म्हणालात, ‘जे वाटलं ते तिथं बोलायचं. घरात येऊन तोंड पाडायचं नाही.’ गॅरेजातही तुमचा तोच कायदा होता. काम झालं की गिऱ्हाइकाला आधी चक्कर मारायला पाठवायचात. ‘आवाज येत असेल तर हितंच सांगा साहेब. घरी जाऊन वहिनींना सांगू नका, त्या काय पाना घेऊन बसल्या नाहीत.’ कायदा बरोबर होता. पण मला रागावून तुम्ही मोरीत गेलात आणि भुसा, रॉकेल लावून हात धुवत बसलात. फार वेळ धुतलेत. काळं केव्हाच निघालं होतं. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही तिथं बोलला नव्हतात, अब्बा. की तुम्हाला खरंच काही वाटलं नव्हतं?

आज निघोज्याच्या खोलीत पोहोचलो तर कोकणातला कुकर लावत होता. लातूरवाल्याने लॅपटॉप उघडून ठेवला होता. मी शेजारी बसलो तसा तो पडद्याकडे बघतच हळू आवाजात म्हणाला, ‘भाई, ते पहिलं चालतंय की रे ह्याच्यावर. दिवाळीत गावाकडं भाच्याने टाकलं. दोन दिवस खेळला, काय सुदीक तापलं न्हाई.’

बोलायची जागा तीच होती. खोलीत तिघंच, तिसरा कुकरच्या शिट्टीत. एवढंच म्हणायचं होतं की मला दर गुरुवारी दिल्ली व्हायचं नव्हतं. त्याने ऐकलं असतं. मी म्हणालो, ‘अपडेट आलं असेल.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. पेंटवर बारीक फोड दिसली की तो असाच मान तिरकी करून बघतो. मग म्हणाला, ‘आसंल.’

जेवणं झाली. तो शेवट नसलेला नवीन खेळ आज पहिल्यांदा लावला, ज्याने त्याने आपापल्या लॅपटॉपवर आपापलं राज्य घ्यायचं होतं. मी कुणी काही बोलायच्या आत पार लांबचं एक बेट घेतलं, समुद्राच्या मध्यावर, जिथे आपल्यातलं कुणी कधी पोचणार नाही असं. तेवढ्यात लातूरवाला मोठ्याने म्हणाला, ‘दिल्ली मी घेतो. कुणीतरी घेतलीच पाहिजे, न्हाईतर तुम्ही खेळणार कुणासंगट? मी पळतो, तुम्ही हाणा.’ आणि नकाशा मोठा करून भीमेच्या अलीकडचा एक ठिपका दाखवत म्हणाला, ‘हे चाकण. हे भाईला. आपण दोघं बाहेरून आलेलो, भाडेकरू. हितला मूळचा माणूस हा एकटाच.’

कोकणातला म्हणाला, ‘मालक आहे तो! घरभाडं त्यालाच द्यायचं आपण.’

खरंच आहे ते. तुमचे अब्बा, माझे दादा, चाकणचे, त्यांचे वडील चाकणचे. शब-ए-बारातला दादांच्या कबरीवर जाताना तुम्ही किल्ल्याच्या उरलेल्या भिंतीपाशी स्कूटर हळू करायचात आणि म्हणायचात, ‘बघून घे, आपल्या गावाचा आहे.’ मी कंपनीत कधीतरी हे बोललो असेन. त्याने लक्षात ठेवलं होतं. मी बोललो नाही ते त्याला कळलं होतं, आणि त्याने तोंडाने काही न म्हणता, गंमत करत, माझ्यासमोर माझी जागा ठेवली होती. मी फक्त एक बटण दाबायचं होतं.

मी म्हणालो, ‘नको, मी घेतलं आता. बरं आहे हे.’

‘बघू कुठं गेलाय,’ म्हणत कोकणातला माझ्या पडद्यावर वाकला. ‘अरे मेल्या! इथे काय बोंबील सुकवणार?’ आम्ही दोघं हसलो. लातूरवाला हसला नाही. ‘बरं, ऱ्हाऊ दे,’ म्हणाला आणि चाकण तसंच सोडलं. दुपारभर ते दोघं आपसात लढले, ओरडले, एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत गेले आणि परत आले. माझ्या बेटावर कुणी आलं नाही. मी मासेमारी वाढवली, एक धक्का बांधला. संध्याकाळपर्यंत माझं राज्य छान चाललं होतं आणि मला कुणाशी एक शब्द बोलावा लागला नव्हता. निघताना लातूरवाल्याने खाली गाडीपर्यंत येऊन विचारलं, ‘पुढच्या गुरुवारी येतोस न्हवं?’ आधी त्याने असं कधी विचारलं नव्हतं. विचारावं लागत नव्हतं.

मी ‘हो’ म्हणालो. त्या ‘हो’च्या पुढे अजून काहीतरी म्हणायला हवं होतं. तो फाटकाला टेकून उभा होता, घाईत नव्हता. मी हेल्मेट घातलं.

आता हे सगळं मी घरी येऊन लिहितोय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मुंडी वर कर. पण हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं असतं असं वाटत नाही, कारण एक गोष्ट अजून लिहिलेली नाही. ती लिहिल्यावर तुम्ही मला जेवढं दूर ठेवाल त्याची मला भीती वाटते. कॅन्टीनमधली ती मस्करी त्या लातूरवाल्याची नाही. घरचं मैदान, दिल्ली, खान, हे सगळं मी आणलं. कंपनीत लागलो त्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर अनोळखी माणसं मला बघून गप्प झाली होती, तेव्हा कुणी काही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकलं, ‘घाबरू नका, खान आला तरी डबा घेऊनच येतो.’ सगळे हसले, जागा झाली, मी बसलो. तुम्ही कसं केलं होतंत ते मला आठवत होतं. फरक एवढाच, की तुमच्या मागे मी उभा होतो म्हणून तुम्ही केलंत. माझ्या मागे कुणी नव्हतं. मी माझ्याच बसायच्या जागेसाठी केलं, आणि वर्षानुवर्षं करत राहिलो. तो बिचारा माझीच गोष्ट मला परत सांगत होता, मला आवडते म्हणून.

उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. गॅलरीतल्या दोरीवरचा युनिफॉर्म वाळलाय, कॉलर जरा ओली आहे. तो काढून आणतो आणि इस्त्री करायला घेतो.