चाकणच्या गोदीतला निकाल

तळवडे, रविवार

ती. इंदुताईस,

धाकट्या ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार. (त्यातलं एक अंग अधू आहे, तेवढं चालवून घे.) दाजींची कंबर कशी आहे? म्हैस व्याली का?

ताई, उच्च न्यायालयाचा निकाल लागला, आपल्या बाजूनं! आता सविस्तर वाच. तू दवाखान्यात आलीस तेव्हा मी भुलीत होतो आणि विजयश्री नुसती रडत होती, त्यामुळे खरी हकिकत तुला कुणी सांगितलीच नाही. चाकणच्या गोदामात ट्रक मागून लावायला उंच ओटा असतो, त्याला सगळे डॉक म्हणतात. तिथं मी माल उतरवायचो. चार वर्षांपूर्वी मशीनची पेटी घसरली आणि डाव्या पायाची तीन बोटं गेली. भरपाईचा दावा लावला, तर कंपनीच्या वकिलांनी माझंच ओळखपत्र पुढं केलं. त्यावर ‘डॉक वर्कर’. म्हणाले, हा गोदी कामगार, याचा कायदा वेगळा, यानं बंदरात जाऊन दाद मागावी. आणि खालच्या कोर्टानं ते मानलं गं! (मी तोवर समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.) दावा फेटाळला त्या दिवशी मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो, दोन दिवस जेवलो नाही.

आमच्या अंजली वकीलबाईंनी मात्र मुंबई गाठली. परवा सुनावणीला आम्ही दोघं नवरा-बायको मागच्या बाकावर. समोरचे वकील गोदी, धक्का, जहाज असं अर्धा तास बोलले. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “चाकणला भरती किती वाजता येते?”

सगळं कोर्ट हसलं. मी हसलो नाही, पुढं काय म्हणतात ते ऐकायला बाकावर पुढं सरकलो. मग साहेबांनी सांगितलं, ओटा म्हणजे बंदर नव्हे. आणि हा माणूस खरंच बंदरात असता, तरी एक कायदा आहे म्हणून दुसऱ्याचं दार त्याला बंद होत नाही. दावा पुन्हा चालवा, सहा महिन्यांत निकाली काढा. बाहेर येऊन मी पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. विजयश्री म्हणाली, “उठा आता, तुमची गोदी तरी बघून येऊ.” मग समुद्र पाहिला. बराच मोठा आहे. चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा भाऊ,
ज्योतीराम

ता. क. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि शेजारी आई असते. तिला आजवर पाय मुरगळला एवढंच ठाऊक आहे. गेल्या दोन दिवाळ्या मी मोजे घालून झोपलो, तर पुण्याला जाऊन साहेब झालास म्हणाली. आता लपवायचं नाही. येत्या शनिवारी येतोय, त्याआधी बोटांचं तू तिला सांग.

दुसरा ता. क. सकाळच्या गाडीनं येणार होतो, आता संध्याकाळच्या येतो. तोवर तिचं ओरडून होईल.