पहिली गैरहजेरी

प्रिय धाकटे,

आपण दोघी, आणि नोकरी करून पोरं वाढवणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्या आया, एका गोष्टीवर कायम जळफळतो: लोक आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवून मोकळे होतात. आता तेच आपण एका माणसाच्या बाबतीत केलंय, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झालाय.

शिट्टीसरांचा पोहण्याचा वर्ग रिकामा पडलाय. काल तलावात माझा लेक एकटाच होता, आणि सर काठावर पोहायला शिकवायच्या कोरड्या फळ्या उगाच पुसत बसले होते. आठवतं, पहिल्या दिवशी तुझी चिमी पायरीला चिकटून बसली, तेव्हा ते काय म्हणाले होते? "पाणी चावत नाही गं. चावलंच तर मला सांग, मी त्याला ओरडतो." तोच माणूस काल मला विचारत होता, "ताई, माझं काही चुकलं का? कुणी बोलतच नाही."

मग मी वर्गातल्या पोरांच्या आयांना एकेकीला गाठलं. केकवाली म्हणाली, "दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला काढलं म्हणून मीही काढलं. एवढ्या शिकलेल्या, उगाच काढतील?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बँकेतल्या वहिनींच्या मुली दिसेनात. मुलीच, कळलं ना?" काय कळायचं होतं मला, डोंबल! वहिनी म्हणाल्या, "अहो, सगळ्यांत आधी तुमच्याच बहिणीने बंद केलं. मी पालकांच्या ग्रुपवर विचारलं, तर तिचं नुसतं 'सध्या नको'. आईला काही दिसलं असणारच." म्हणजे एकीनेही काही पाहिलं नाही की ऐकलं नाही. सगळ्या एकमेकींची पाठ बघून चालत सुटल्या. सरांविरुद्ध कुणी अवाक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर खोडून तरी काढता आलं असतं! आणि याला या बाया पोरांची काळजी म्हणतात.

तलावाची समिती उद्या संध्याकाळी त्यांना काढून दुसरा माणूस नेमणार आहे. कारण काय, तर पालकांचा विश्वास उरला नाही.

दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतेय. कानाच्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर होते. केसांच्या पिनेने तू चिमीचा कान कोरलास, पडद्याला भोक पडलं, डॉक्टरांनी पोहणं बंद केलं. सासूबाई बोलतील म्हणून तू लपवलंस, ते मी समजू शकते; आपल्या आईनेही आपले कान असेच कोरले. पण तुला चार बोलणी बसू नयेत म्हणून एका माणसाची रोजीरोटी आणि अब्रू जावी? मीच सांगितलं असतं, पण मावशी सारवासारव करतेय म्हणून उडवून लावतील. सगळ्या तुझ्याकडे बघून थांबल्या, तुझंच ऐकतील. हे वाचलंस की चप्पलसुद्धा काढू नकोस. त्याच ग्रुपवर लिही की पिन माझी होती, हात माझा होता, सरांचा काडीचा संबंध नाही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई